डेटिंगला आठवड्यातले किती तास द्यायचे? नवख्यांसाठी एक हिशोब

डेटिंगच्या वाटेला नव्याने लागलेली माणसं मला साधारण दोन प्रकारची दिसतात. एका प्रकाराचं म्हणणं, "आधी करिअर, मग बाकीचं सगळं." आणि रात्री साडेबाराला हीच मंडळी अंथरुणात पडून डेटिंग ॲपवर एकामागून एक प्रोफाइल सरकवत असतात. दुसरा प्रकार यात उघडउघड बुडालेला. मॅच झाली, म्हणजे दोघांनी एकमेकांचं प्रोफाइल पसंत केलं, की दिवस चांगला, नाही झाली की जेवणावरची वासना उडाली. वरवर दोन टोकं वाटतात, पण घोळ एकच आहे. या गोष्टीला किती जागा द्यायची हे दोघांनीही ठरवलेलं नाही. ते परस्पर ठरत जातं, आणि बहुतेक वेळा फोनच ठरवतो.

मी या भानगडीत सहा वर्षं होते, मधल्या दोन लांब सुट्ट्या धरून. जे उशिरा कळलं ते इथे पायऱ्यापायऱ्यांनी लिहिते आहे. उत्तर आधीच सांगून टाकते: शोध चालू असेल तेव्हा आठवड्याला चार ते पाच तास. ॲप, चॅट, भेट, जाणं-येणं सगळं धरून. आठवड्याचे तास १६८, म्हणजे हे जेमतेम तीन टक्के झाले. कोणाला हे फारच कमी वाटेल, कोणाला वाटेल की हे काय हजेरीपुस्तक आहे का. दोघांनीही पुढचं वाचावं.

पायरी १: जोडीदार आणि डेटिंग यांची गाठ सोडवा

जोडीदार हवा ही इच्छा तुमच्या आयुष्यात पहिल्या नंबरवर असू शकते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण डेटिंग म्हणजे जोडीदार नव्हे, ती शोधण्याची खटपट आहे. नोकरी कितीही निकडीची असली तरी माणूस दिवसाचे बारा तास अर्ज पाठवत बसत नाही. बसलाच तर चौथ्या दिवशी अर्जात कंपनीचं नाव चुकतं. इथेही तेच होतं. इच्छा मोठी आहे म्हणून तिच्यामागे तास ओतले की तास वाया जातात आणि वर माणूस चिडचिडा होतो.

हार्वर्डचा १९३८ पासून चालू असलेला एक अभ्यास या विषयात हमखास पुढे केला जातो. माणसं आयुष्यभर सुखी आणि धडधाकट कशाने राहतात याचा. त्यातून निघालेली मोठी गोष्ट म्हणजे जिव्हाळ्याची नाती. ती ऐकून लोक म्हणतात, बघा, म्हणून लवकर कोणीतरी शोधा. पण त्या अभ्यासातल्या नात्यांत मित्र, भावंडं, कामावरचे सोबती सगळेच येतात. तो दाखला देऊन जुन्या मैत्रिणीचा फोन कापायचा आणि अनोळखी माणसाला "हाय, काय चाललंय" पाठवायचं, हे काही पटत नाही.

या पायरीवर करायचं एवढंच: मला यातून काय हवंय ते एका वाक्यात लिहा. कायमचं नातं, अधूनमधून सोबत, माणसांशी बोलायची भीड जावी, की निव्वळ टाइमपास. चारही उत्तरं चालतील. मात्र मनात पहिलं आणि कागदावर चौथं असं करू नका. वाक्य लिहिता येत नसेल तर दोन आठवडे ॲप उघडू नका, काही बिघडत नाही.

पायरी २: एक आठवडा नुसती नोंद

हे मी स्वतः केलं तेव्हा डोळे उघडले. एक साधी वही घेतली, तीन रकाने पाडले: प्रत्यक्ष भेट, फोनवरचा वेळ, आणि डोक्यातला वेळ. रविवारी बेरीज केली. भेट: दीड तास. फोनवर: सात तासांच्या वर. हा आकडा फोनच्या सेटिंगमध्येच मिळाला, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती. तिसऱ्या रकान्यात मी बुधवारी सोडून दिलं होतं, कारण मोजताच येईना.

तो बुधवार मला अजून लख्ख आठवतो. सकाळी नऊला मी एकाला मेसेज पाठवला होता, त्यात एक विनोदही होता. सव्वानऊला निळ्या खुणा आल्या. दहाच्या मीटिंगमध्ये फोन मांडीवर उपडा. साडेदहाला सुलटा. अकराला मी तो मेसेज पुन्हा वाचला आणि विनोद फालतू वाटायला लागला. साडेअकराला तो ऑनलाइन दिसला आणि गेला. दुपारी मी एका मैत्रिणीला त्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "हे जास्त वाटतंय का गं?" तिने उलट विचारलं, "तू त्याला किती वेळा भेटलीयेस?" एकदाही नाही. संध्याकाळी सहाला उत्तर आलं: "हाहा". वहीत त्या दिवशी डेटिंगचा वेळ म्हणून मी वीस मिनिटं लिहिली होती. खरं तर नऊ तास गेले होते.

हे का होतं याचं कारण जुनं आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की दर वेळी ठरल्याप्रमाणे दाणा मिळाला तर प्राणी निवांत असतो. कधी मिळतो कधी नाही असं केलं की तो खटका दाबतच राहतो, आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ सोडत नाही. मॅच आणि रिप्लाय हे नेमके असेच बेभरवशाचे दाणे आहेत. तुम्ही हळवे आहात किंवा उतावीळ आहात म्हणून फोन बघत नाही आहात, रचनाच तशी आहे. म्हणून उपायही रचनेचाच हवा. "आता जास्त विचार करणार नाही" असा निश्चय मी किमान तीस वेळा केला असेल.

पायरी ३: सध्या तुमचा ऋतू कोणता ते पाहा

पाच तास ही शोध चालू असतानाची गोष्ट झाली. काही काळ असे असतात की आकडा शून्य ठेवणंच बरं. मोठी परीक्षा डोक्यावर आहे, घरात कोणी गंभीर आजारी आहे, जवळचं माणूस नुकतंच गेलंय, जुनं नातं तुटून थोडेच महिने झालेत. शेवटच्या बाबतीत महिने मोजण्यापेक्षा एक सोपी खूण आहे: पहिल्या भेटीत समोरच्याला तुम्ही मनातल्या मनात जुन्या माणसाशी ताडून बघणार असाल, तर अजून वेळ आहे. समोर बसलेल्या माणसाने काय पाप केलंय?

शून्याचा एक लबाड प्रकारही आहे. "जरा सेटल होऊ दे." "वजन कमी झालं की." "नवीन घरात गेले की." या वाक्यांत तारीख नसते, त्यावरूनच ती ओळखू येतात. तुमचंही असं वाक्य असेल तर त्यापुढे तारीख टाका. परीक्षा अमुक महिन्यात संपते, त्यानंतरच्या पंधरवड्यात सुरू करणार, असं. तारीख टाकताना हात अडखळला तर अडचण वेळेची नसून भीतीची आहे. मग आठवड्याला एक तास, पण सुरू करा.

आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. ज्यांना स्वतःची मुलं हवी आहेत त्यांच्यासाठी काळ खरोखर मोजका असतो. स्त्रीची प्रजननक्षमता तिशीत उतरायला लागते आणि पस्तिशीनंतर ही घसरण वेगाने होते. पुरुषांतही वयाचा परिणाम होतो, मात्र सावकाश. "योग्य वेळी योग्य माणूस भेटेल" हे वाक्य अशा माणसाला ऐकवणं मला निर्दयपणाचं वाटतं. तुम्ही या गटात असाल तर आठवड्याचे तास सात-आठपर्यंत न्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलांचा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच काढा. समोरचा दचकून पळाला तर तुमची दोन वर्षं वाचली.

पायरी ४: तासांची वाटणी

माझ्या पाच तासांची वाटणी अशी असायची. ॲपसाठी आठवड्यातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं, टेबलाशी बसून. अंथरुणात नाही, टॉयलेटमध्ये नाही. नोटिफिकेशन बंद. एकूण एक तास. चॅट आणि एखादा फोन मिळून एक तास. उरलेले तीन तास प्रत्यक्ष भेटीला, जाणं-येणं धरून.

वाटणी अशी का, याला आधार आहे. ॲपवर तासन्‌तास घालवण्यामागे एक समजूत असते की नीट चाळलं तर नेमका माणूस सापडेल. २०१७ साली मानसशास्त्रज्ञ सॅमंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी स्पीड डेटिंगला (एकाच बैठकीत अनेकांना चार-चार मिनिटं भेटायचं, त्या कार्यक्रमाला) आलेल्या माणसांकडून आधी आवडीनिवडी, स्वभाव, अपेक्षा अशी शंभरावर माहिती भरून घेतली आणि संगणकाला कामाला लावलं. कोण एकूणच जास्त लोकांना आवडेल याचा थोडाफार अंदाज त्याला आला. पण अमक्याला नेमकी तमकीच आवडेल का, हे काही केल्या सांगता आलं नाही. जे समोर बसून चार वाक्यं बोलल्यावर कळतं ते प्रोफाइलमध्ये नसतंच, तर चाळून काय मिळणार?

म्हणून चॅट दहा-बारा दिवसांपलीकडे ताणू नका. त्या आत भेट ठरली नाही तर प्रेमाने निरोप घ्या. महिनाभराच्या चॅटमधून आपण मनात एक माणूस घडवतो, आणि पहिल्या भेटीत तो माणूस येतच नाही, भलताच कोणीतरी येतो. पहिली भेट तासाभराची ठेवा, पुढे काहीतरी काम आहे असं खरोखरच ठेवा. सार्वजनिक जागी भेटा, कुठे जाताय ते एका माणसाला सांगून ठेवा, भेटीआधी पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा. आठवड्याला पहिली भेट एकच. मी एकदा उत्साहात शनिवार-रविवारात तीन ठरवल्या होत्या. तिसऱ्याला मी त्याचीच नोकरी दोनदा विचारली, आणि त्याने दोन्ही वेळा सभ्यपणे सांगितली.

वेळेबरोबर महिन्याच्या पैशांचाही आकडा ठरवा. तो तुमच्या मिळकतीप्रमाणे असेल. कसोटी एवढीच की हे पैसे गेले आणि पुढे काहीच जमलं नाही, तर समोरच्यावर राग येता कामा नये.

थोडं विषयांतर. गणितात एक प्रसिद्ध कोडं आहे: एकामागून एक उमेदवार येतात, नाकारलेल्याला परत बोलावता येत नाही, सर्वांत चांगला नेमका कसा निवडाल? १९६० साली ते मार्टिन गार्डनर यांच्या गणितकोड्यांच्या सदरात छापून आलं आणि गाजलं. उत्तर असं की पहिल्या ३७ टक्क्यांना फक्त बघून सोडून द्या, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस जो पहिला येईल तो घ्या. डेटिंगचा विषय निघाला की कोणीतरी हे ३७ टक्के ऐकवतंच. ऐकवणाऱ्याला विचारा की एकूण उमेदवार किती येणार हे त्याला ठाऊक आहे का. आणि ते उमेदवारही आपल्याला निवडत असतात, हे त्या कोड्यात कुठेच नाही.

पायरी ५: कशाला हात लावायचा नाही

हे पाच तास कुठून काढायचे? बहुतेक जण नकळत दोन ठिकाणांहून काढतात: झोप आणि मित्र. दोन्ही चुकीची. झोपेचं तुम्हाला कळतंच. मित्रांचं मात्र कळत नाही, कारण ते तक्रार करत नाहीत.

माझ्या एका जुन्या मैत्रिणीने घर बदललं तेव्हा मी मदतीला जाणार होते. आदल्या रात्री एका माणसाने उद्या भेटूया का विचारलं. आमची ती दुसरी भेट होती, आणि मी मैत्रिणीला "जरा बरं वाटत नाहीये" असं कळवलं. भेट ठीकठाक झाली, तिसरी झालीच नाही. तिने एकटीने चौथ्या मजल्यावर खोकी चढवली. मला हे तिच्याकडून कळलंच नाही, कारण तिने मला त्यानंतर फारसं काही सांगणंच कमी केलं. ते पूर्ववत व्हायला वर्ष गेलं, आणि मी खोटं बोलले होते हे मी स्वतः सांगितल्यावरच झालं.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला लागणाऱ्या तासांचा अंदाज मांडला होता. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास, पक्का मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. माझ्या हिशोबाने पाहिलं तर जिवलग मैत्रीण म्हणजे डेटिंगची चाळीस आठवड्यांची सगळी शिदोरी. माणसांच्या नात्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१० साली याहून टोचणारी गोष्ट सांगितली होती: माणसाच्या सर्वांत आतल्या वर्तुळात साधारण पाच जण असतात, पण प्रेमात असलेल्यांच्या वर्तुळात चारच निघाले, आणि त्या चारांत जोडीदारही आलाच. म्हणजे एक आला आणि दोन गेले. नातं जमल्यावरही हे होतं, तर नातं जमायच्या आधीच दोघांना घालवण्यात काय अर्थ आहे?

तेव्हा मित्रांचा आठवड्यातला एक वेळ पक्का धरा आणि त्या वेळेत डेट ठेवू नका, माणूस कितीही आवडलेला असो. तास काढायचे ते स्क्रीनसमोरच्या रिकाम्या वेळातून. तिथे ते पडून असतातच.

छंद, वर्ग, गिर्यारोहणाचा ग्रुप, वाचनकट्टा हे सगळं या पाच तासांत धरायचं नाही. ते तुमचं आयुष्य आहे, आणि गंमत म्हणजे माणसं तिथेही भेटतात. अमेरिकेत २०१७ साली जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांची पाहणी झाली, त्यात सुमारे ३९ टक्के जोडपी ऑनलाइन भेटलेली होती. म्हणजे ॲपच्या एवढ्या गाजावाजात बाकीची ६१ टक्के दुसरीकडेच कुठेतरी भेटली. मात्र जोडीदार मिळेल म्हणून नृत्याच्या वर्गाला जाऊ नका. नाच आवडत नसेल तर ते चेहऱ्यावर दिसतं.

पायरी ६: जमायला लागलं की आकडा कसा वाढवायचा

कोणीतरी आवडलं की पाच तासांची भाषा हास्यास्पद वाटायला लागते. तशी ती वाटलीच पाहिजे. पण घाईने सगळे बांध फोडू नका. डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये या झपाटलेपणाला ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. त्यांचं एक निरीक्षण फार कामाचं आहे: हे झपाटलेपण वाढतं ते अनिश्चिततेवर. समोरचा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही, तेव्हा ते सर्वांत जास्त असतं. म्हणजे एखाद्याचे विचार दिवसभर डोक्यात आहेत यावरून तो मोलाचा आहे असं काही ठरत नाही. कदाचित तो फक्त धरसोड करणारा असेल.

म्हणून तास वाढवायचे ते समोरच्याच्या वागण्याकडे बघून. ठरलेल्या वेळी येतो का? पुढची भेट कधी तुम्ही ठरवता, कधी तो, असं होतंय का? तुम्ही सांगितलेलं लक्षात ठेवतो का? तुमची एखादी गैरसोय त्याने एकदा तरी सोसली आहे का? ही उत्तरं बरी असतील तर चौथ्या-पाचव्या भेटीनंतर आठवड्यात दोन संध्याकाळी द्या, ॲप बंद करण्याचं दोघांनी बोलून ठरवा. न बोलता गृहीत धरलंत तर तीन महिन्यांनी सिच्युएशनशिप (धड नाव नसलेलं, अधांतरी नातं) हा शब्द शोधायची वेळ येते. उत्तरं बरी नसतील तर तास वाढवून ती सुधारत नाहीत. मी वाढवून पाहिले आहेत.

पायरी ७: हात आखडता कधी घ्यायचा

चार खुणा सांगते. भेटीला जाताना उत्सुकतेऐवजी कंटाळा येतोय. नकार आला की दोन-दोन दिवस कामात लक्ष नाही. प्रत्येक माणूस आधीच्यासारखाच वाटतोय. आणि चौथी, जरा अवघड: नको असलेल्या माणसाला तुम्ही तिसऱ्यांदा भेटताय, कारण एकटं राहण्यापेक्षा बरं. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ स्टेफनी स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी एकटेपणाच्या या भीतीवर अभ्यास केला होता. ज्यांना ही भीती जास्त, ती माणसं कमी काळजी घेणाऱ्या, कमी आपुलकीच्या माणसातही रस दाखवत होती. भीती पोटात घेऊन बाजारात उतरलं की भाव आपणच पाडतो.

चारांपैकी दोन खुणा दिसल्या की सहा आठवडे सुट्टी. प्रोफाइल नुसतं बंद न ठेवता ॲपच काढून टाका, नाहीतर सुट्टीतही बोट तिकडेच जातं. सुट्टीची शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा.

राहिलं एकच, हे समोरच्याला कळवायचं कसं. नवख्यांना वाटतं की लगेच उत्तर दिलं नाही तर माणूस निसटेल. मी शेवटी एकच मेसेज तयार ठेवला होता आणि बोलणं जरा रंगलं की तो पाठवायचे: "मला रोज चॅट जमत नाही, दिवसाआड उत्तर देते. पण आठवड्यातून एकदा भेटायला आवडेल. गुरुवारी संध्याकाळी मोकळी असते." हा पाठवल्यावर पहिल्या दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने लिहिलं, "बरं झालं, मला टाइप करायचा भयंकर कंटाळा आहे. गुरुवारी सात?" त्याच्याशीही पुढे जमलं नाही. पण ते तीन गुरुवारांत कळलं, आणि मधल्या दिवसांत मी त्याचं लास्ट सीन एकदाही पाहिलं नव्हतं.